धानाची कोठी आणि ज्ञानाची कोठी

दिवाळीच्या आगेमागे आपल्या भागात धानाची कापणी होते. भारे बांधायचे, खळ्यावर आणायचे, चुरायचे, उडवायचे आणि मग कोठी भरायची. त्यातले काही धान विकायचे, काही खायचे. पण शहाणा कास्तकार एक भाग निराळा बांधून ठेवतो. तो बियाण्याचा. घरात कितीही ओढ लागली तरी त्याला तो हात लावत नाही.

ज्ञानाचेही असेच आहे. ते साठवले तर पुढच्या सालाला उपयोगी पडते. साठवले नाही तर माणसाबरोबर जाते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध तुम्ही पाहिला असेल. तो मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असे सांगतात. डोंगरांच्या खिंडी मातीच्या पाळींनी अडवल्या आणि पाणी थोपवले. पाळीला माती कोणती घ्यायची, उतार किती ठेवायचा, जास्तीचे पाणी कोठून सोडायचे, हे सगळे त्या लोकांना ठाऊक होते. बांध आजही उभा आहे. पण तो बांधणाऱ्याच्या डोक्यात जे होते ते कोणी लिहून ठेवले नाही. गावोगावचे मालगुजारी तलाव आहेत, बोड्या आहेत, त्यांचीही हीच गोष्ट. बांधणारे गेले आणि युक्तीही गेली.

म्हणून माणसाने लिहिण्याची कला शोधली. अक्षर ही ज्ञानाची पहिली कोठी. तुम्ही आता अक्षरे शिकलात. म्हणजे कोठीची चावी तुमच्या हाती आली. पण चावी हाती असून कोठीकडे कधी गेलोच नाही तर काय होते, ते आधी सांगतो.

माझ्या शेजारी एक बाई राहते. वय पंचेचाळीसच्या पुढे. रोवणीच्या दिवसांत रोवणीला जाते, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडते. नवभारत साक्षरता कार्यक्रमात ती नाव घालून बसली. हा कार्यक्रम २०२२ साली सुरू झाला. पंधरा वर्षांच्या वरच्या, शाळेत न गेलेल्या माणसांसाठी तो आहे. १७ मार्च २०२४ रोजी आपल्या राज्यात त्याची परीक्षा झाली. वाचनाला पन्नास, लेखनाला पन्नास, हिशेबाला पन्नास, असे एकूण दीडशे गुण. बाई पास झाली. तिने घरी गूळ वाटला.

त्याच सालच्या दिवाळीला मी तिला सहज बाजाराची यादी वाचायला दिली. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, अक्षरं उडून गेली जी. परीक्षेत येत होती, आता येत नाही."

मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. हे मागेही झाले आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे दोन-तीन वर्षांत ती सगळ्या महाराष्ट्रात गेली. रात्री कंदिलाच्या उजेडात म्हातारेकोतारे पाटीवर 'ग म भ न' गिरवत होते. गावेच्या गावे साक्षर झाली. गावकऱ्यांनी शपथा घेतल्या, समारंभ केले. पण पुष्कळ माणसे पुन्हा अंगठ्यावर आली. कारण काय? शिकलेले अक्षर वापरायला घरात कागदच नव्हता. ना वर्तमानपत्र, ना पुस्तक. नांगर वापरला नाही तर फाळाला गंज चढतो. अक्षरालाही चढतो. यात शिकणाराचा दोष नाही. चावी देणाराने कोठी दाखवली नाही, हा दोष आहे. मीही शाळामास्तर होतो, तेव्हा हा दोष काही अंशी माझ्याकडेही येतो.

आता कोठीकडे जाऊ.

सगळ्या विषयांचे ज्ञान एका ठिकाणी, अक्षरांच्या क्रमाने मांडून ठेवायचे, अशा ग्रंथाला ज्ञानकोश किंवा विश्वकोश म्हणतात. मराठीत हे मोठे काम पहिल्याने केले डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. हे केतकर जन्मले कोठे? रायपूरला, १८८४ साली. आपल्या गोंदियावरून जी गाडी हावड्याकडे जाते ती रायपूरवरूनच जाते. त्यांचे शाळेचे शिक्षण अमरावतीला झाले. पुढे ते अमेरिकेला गेले, तेथे मोठी पदवी घेतली, आणि १९१२ साली परत आले. त्यांना तेथे नोकरी करता आली असती. पण आपल्या भाषेत ज्ञानकोश हवा, हे वेड त्यांनी घेतले. १९१६ च्या सुमारास नागपुरात त्यांनी कामाला हात घातला. नंतर कचेरी पुण्याला नेली. पैसा नव्हता. गावोगाव हिंडून त्यांनी गिऱ्हाईक गोळा केले, पुस्तक छापायच्या आधीच वर्गणी मागितली. लोक हसले असतील. पण १९२९ पर्यंत तेवीस खंड पुरे झाले.

दुसरे काम स्वतंत्र महाराष्ट्राचे. १ मे १९६० रोजी आपले राज्य झाले. त्याच साली सरकारने साहित्य आणि संस्कृतीसाठी एक मंडळ नेमले. त्याचे अध्यक्ष होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. ते सातारा जिल्ह्यातल्या वाई गावी राहत. तेथेच मराठी विश्वकोशाची कचेरी झाली. पहिला खंड निघाला १९७६ साली. विसावा खंड हाती यायला २०१५ साल उजाडले. एका पिढीने आरंभ केला आणि दुसरीने शेवट. शास्त्रीबुवा १९९४ साली वारले, त्यांना सगळे खंड पाहायला मिळाले नाहीत.

एकेक खंड म्हणजे केवढा! हजाराच्या वर पाने. दोन्ही हातांनी उचलावा लागतो. किंमतही तशीच. मी नोकरीत असताना तालुक्याच्या वाचनालयात ते खंड काचेच्या कपाटात पाहिले होते. कपाटाला कुलूप होते. ग्रंथपालांनी किल्ली शोधून दिली तेव्हा सुट्टी संपत आली होती. आपल्या खेड्यातल्या माणसाने तेथपर्यंत जायचे कधी आणि वाचायचे कधी?

आता मात्र गोष्ट पालटली आहे. २०११ साली मराठी विश्वकोश इंटरनेटवर ठेवायला सुरुवात झाली. अठरा हजारांच्या आसपास नोंदी. केतकरांचा ज्ञानकोशही नेटवर आला आहे. वाचायला पैसा पडत नाही. पडतो तो फक्त नेटच्या रिचार्जचा. आणि तो रिचार्ज आपण पोरांच्या नाचगाण्यांच्या व्हिडिओसाठी करतोच आहोत.

पुष्कळांना वाटते की हे सगळे फोनच्या आत भरलेले असते. तसे नाही. फोन म्हणजे कोठी नव्हे. फोन म्हणजे कोठीकडे जाणारी पायवाट. लांब कोठेतरी मोठमोठे संगणक रात्रंदिवस चालू असतात. ज्ञान त्यांच्यात साठवलेले असते. तुम्ही फोनवर काही विचारले की ते विचारणे गावाबाहेरच्या टॉवरकडे जाते. टॉवरकडून तारांवाटे त्या संगणकाकडे. संगणक पान शोधतो आणि त्याच वाटेने परत पाठवतो. पूर्वी आपण जोडकार्ड पाठवायचो, अर्धे आपण लिहायचे आणि कोऱ्या अर्ध्यावर उत्तर यायचे. हे तसेच जोडकार्ड, फक्त डोळ्याचे पाते लवायच्या आत येणारे. म्हणूनच टॉवर नसला की पान येत नाही. सालेकसा, देवरीकडच्या जंगलातल्या काही गावांत ही अडचण आहे. त्यांनी बाजाराच्या दिवशी, रेंज असलेल्या ठिकाणी, हवे ते पान फोनमध्ये उतरवून घ्यावे. एकदा उतरवले की ते फोनमध्येच राहते. मग रेंज नसली तरी वाचता येते. ही मात्र खरी शिदोरी.

कसे शोधायचे? लिहिता येत असेल तर लिहा. लिहायला वेळ लागत असेल तर फोनवर माइकचे लहान चित्र असते, त्यावर बोट ठेवा आणि स्पष्ट बोला, "मराठी विश्वकोश, मण्यार." समोर नावांची यादी येते. त्यातले विश्वकोशाचे नाव पाहून त्यावर बोट ठेवा. अक्षर बारीक वाटले तर दोन बोटे काचेवर ठेवून फाकवा, अक्षर मोठे होते. मी मॅट्रिक शिकलो, छत्तीस वर्षे पोरांना शिकवले, पण हे दोन बोटांचे शिक्षण मला माझ्या नातीने दिले. ते घेताना लाज वाटली नाही, असे म्हणणार नाही. थोडी वाटली.

मण्यारचे नाव मी उगीच घेतले नाही. आपल्याकडे सगळी माणसे पावसाळ्यात बांधीत वाकलेली असतात आणि रात्री जमिनीवर निजतात. साप हा आपल्या रोजच्या जगण्यातला विषय. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात फोनवर एक निरोप फिरला. साप चावला तर वर करकचून बांधा, ब्लेडने कापा, तोंडाने विष ओढा, आणि अमुक पाल्याचा रस पाजा. खाली लिहिले होते, हा निरोप दहा जणांना पाठवा. पुष्कळांनी पाठवला. लिहिणारा कोण, कोणालाच ठाऊक नाही.

आम्ही संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर पाच-सात जण बसलो आणि खरे काय ते शोधले. विश्वकोशात नाग, मण्यार, घोणस, फुरसे या सापांच्या निरनिराळ्या नोंदी आहेत. आपल्या देशात माणसे दगावतात ती मुख्यतः या चौघांच्या विषाने. मण्यार रात्री फिरते. ती चावली तर पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही दिसत नाही. निजलेल्या माणसाला वाटते, काही चावलेच नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते, मग श्वास अडतो. घरचे समजतात, अपचन झाले किंवा बाहेरची बाधा झाली. येथेच माणूस हातचा जातो.

करायचे काय? चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, काठी लावून सैल बांधावा. बांगड्या, कडे, अंगठी काढावी, कारण सूज आली की ती रुतते. करकचून बांधायचे नाही. कापायचे नाही. चोखायचे नाही. पाला, मंत्र यांत घटकाभरही घालवायची नाही. १०८ क्रमांक फिरवावा आणि गाडी येईपर्यंत थांबण्यापेक्षा दुसरी गाडी जवळ असेल तर तिने निघावे. माणसाला चालवत न्यायचे नाही. सरकारी दवाखान्यात प्रतिविषाची लस असते आणि तिचे पैसे घेत नाहीत. ही लस घोड्याच्या रक्तापासून करतात. घोड्याला विष अगदी थोडे थोडे टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते, तेच काढून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम पुष्कळ वर्षे चालत आले आहे. आणि साप ओळखण्यासाठी त्याच्या मागे धावू नये. त्या चारही सापांवर एकच लस चालते.

हे वाचून झाले तेव्हा ओसरीवर एक म्हातारबा गप्प बसले होते. त्यांचा धाकटा भाऊ तीस वर्षांपूर्वी असाच पहाटे पोटदुखीने गेला. ते एवढेच म्हणाले, "म्हणजे तेव्हा आम्ही त्याला ओवा देत बसलो होतो." मग कोणी काही बोलले नाही.

निरोप कोणता खरा आणि कोणता खोटा, हे ओळखायचे कसे? मी माणसाला जसे विचारतो तसेच कागदाला विचारतो. तू कोणाचा? कधीचा? कोणाकडून ऐकलेस? विश्वकोशाच्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव असते. कोणत्या ग्रंथांचा आधार घेतला तेही असते. फिरत्या निरोपाला बाप नसतो. ज्याला बाप नाही त्याच्यावर जीव सोपवू नये.

दुसरी एक कोठी आहे, तिचे नाव विकिपीडिया. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. लेखांची संख्या आता लाखाच्या घरात आहे. हा पगारी पंडितांनी लिहिलेला नाही. कोणीही जाणता माणूस त्यात लिहू शकतो आणि दुसऱ्याची चूक सुधारू शकतो. गावातली विहीर सगळ्यांनी मिळून खणावी तसे हे आहे. पण सगळ्यांच्या विहिरीत कधी कोणी घाणही टाकतो. म्हणून लेखाच्या तळाशी आधार दिला आहे की नाही ते पाहावे. जेथे आधार नाही ते दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहावे.

जुन्या कोठीतही एक काळजी घ्यायची असते. धान जुने झाले की भाताला चव येते म्हणतात. पण आकडे जुने झाले की चव जाते. विश्वकोशाच्या छापील खंडात भंडारा जिल्ह्याची नोंद आहे. ती लिहिली तेव्हा आपला गोंदिया जिल्हा नव्हताच. आपला जिल्हा भंडाऱ्यातून निराळा झाला १ मे १९९९ रोजी. त्या नोंदीत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच सापडते. ते खोटे नाही, त्या काळचे आहे. लोकसंख्या, भाव, कायदे, सरकारी योजना यांसाठी नवे ठिकाण पाहावे. नदी, साप, झाडे, इतिहास यांसाठी जुने चालते.

आता त्या बाईकडे येतो. तिला मी म्हटले, "बाई, तुम्ही रोज संध्याकाळी ओसरीवर या आणि पाच ओळी वाचा. जास्त नको." तिने विचारले, "कशाच्या?" मी म्हटले, "तुम्हाला ज्याचे काम पडते त्याच्या." तिला काम पडते धानाचे. तिने माइकवर बोट ठेवून 'धान' म्हटले. हवे ते पान आले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केले. पुन्हा नाही. ती रागावली. म्हणाली, "एवढी मोठी कोठी आणि त्यात धानच नाही, काहून जी?"

मग उलगडा झाला. विश्वकोश लिहिणारांनी आपल्या धानाला 'भात' म्हटले आहे. 'भात' शोधले की सगळी माहिती सापडते. आपण जिला बांधी म्हणतो तिला पुस्तकात खाचर म्हणतात. आपली रोवणी ती त्यांची लावणी. आपला परा म्हणजे त्यांचे रोप. आपण चुरतो, ते मळणी करतात. बाईने एका वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे आपला शब्द, दुसरीकडे पुस्तकातला. पहिल्या आठवड्यात अकरा शब्द झाले. 'ज्ञ' आणि 'क्ष' ही अक्षरे ती अजून दोनदा पाहून लिहिते, पण लिहिते.

मला येथे माझे मत सांगायचे आहे. विश्वकोशाची भाषा जड आहे. पंडितांनी पंडितांसाठी लिहावे तशी. नवा वाचक दोन ओळींत दमतो. म्हणून एकट्याने वाचू नका. एकाने वाचावे, चौघांनी ऐकावे, अडेल तेथे थांबून बोलावे. शाळकरी पोरे बरोबर असली तर फारच चांगले. त्यांच्या पाठ्यपुस्तकांतही आता ठिपक्यांचा एक काळा चौकोन छापलेला असतो. फोनच्या कॅमेऱ्याने तो टिपला की त्या धड्याचे चित्र, बोलणे, जास्तीची माहिती येते. सरकारच्या 'दीक्षा' नावाच्या सोयीतून हे होते. ती २०१७ साली सुरू झाली. बालभारतीची पुस्तकेही फुकट उतरवून घेता येतात. नातवाच्या चौथीच्या पुस्तकावर आजीने वाचायला शिकावे, यात कमीपणा नाही. चौथीची भाषा विश्वकोशापेक्षा किती गोड असते! ज्याला याहून पुढे जायचे असेल त्याच्यासाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. ते खरगपूरच्या आय. आय. टी. ने उभारले आणि २०१८ साली देशाला खुले झाले.

एक सावधगिरी मात्र घ्या. दुकानातही तसाच ठिपक्यांचा चौकोन असतो, तो पैसे देण्याचा. पुस्तक वाचायला कोणी तुमच्याकडे पिन मागत नाही, बँकेचा आकडा मागत नाही. मागितला तर समजा की ते पुस्तक नव्हे. फोन ताबडतोब बंद करा.

आणखी एक अडचण आहे, ती लोक बोलत नाहीत. घरात फोन असतो, पण तो असतो मुलाच्या खिशात. बायांच्या हाती तो फक्त माहेरचा फोन आला तरच येतो. ज्या घरात फोन एक आहे तेथे संध्याकाळचा अर्धा तास बायांचा ठरवून टाकावा. आमच्या ओसरीवर तीन घरांनी तसे ठरवले आहे. एका घरात त्यावरून भांडण झाले. अजून ते मिटलेले नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. आपण कोठीतून घेतच राहायचे काय? आपल्याजवळ टाकायला काही नाही काय?

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात, नांदेड नावाचे खेडे आहे. तेथे दादाजी खोब्रागडे नावाचे कास्तकार होते. शिक्षण तिसरीपर्यंत. जमीन अगदी थोडी. १९८३ साली त्यांना आपल्या बांधीत दोन-चार लोंब्या निराळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर कापून भाऱ्यात टाकल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या ठेवल्या. दुसऱ्या साली निराळ्या पेरल्या. असे साल-दरसाल निवडत गेले आणि बारीक दाण्याचे, चांगल्या उताऱ्याचे वाण तयार झाले. त्या दिवसांत एच. एम. टी. ची घड्याळे सगळ्यांना आवडत. तेच नाव त्या धानाला पडले. आज तुम्ही बाजारात एच. एम. टी. चा तांदूळ मागता तो हाच. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा २००५ साली गौरव झाला. पण वाण गावोगाव पसरले तेव्हा ते कोणी केले, हे पुष्कळ वर्षे पुष्कळांना ठाऊकच नव्हते. मिळकतही त्यांच्या घरी फारशी आली नाही. ते २०१८ साली वारले. पहिल्या साली, पहिल्या लोंबीच्या वेळी कोणी तारीखवार लिहून ठेवले असते तर?

२००२ सालच्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, असे ठरले आहे. गावात कोणती झाडे, कोणते धानाचे वाण, कोणते मासे, कोणते पक्षी, कोणत्या औषधी, हे त्या वहीत यायला हवे. काही गावांची वही फक्त कचेरीसाठी भरलेली असते, कपाटात असते, गावाने पाहिलेली नसते. ग्रामसभेत उठून विचारा, आमची वही दाखवा. आता तुम्हाला वाचता येते. त्यात काय सुटले ते तुम्हालाच कळेल. सारस पक्षी आता महाराष्ट्रात मुख्यतः आपल्याच जिल्ह्याच्या आसपास उरला आहे. तो कोणत्या बांधीत घरटे करतो हे बांधीच्या मालकाइतके कोणत्या पंडिताला ठाऊक असणार?

आमच्या ओसरीवर ते म्हातारबा येतात, ज्यांचा भाऊ गेला. त्यांना वाचता येत नाही आणि शिकायचेही नाही म्हणतात. पण त्यांनी उभे आयुष्य तलावात जाळे टाकले. आम्ही त्यांना मासे विचारतो. ते बोलतात, एक आठवीतली मुलगी फोनमध्ये आवाज भरते, आणि ती बाई वहीत नावे लिहिते. मरळ, शिंगी, दाडक, बोटरी. कोणता मासा गाळात राहतो, कोणता कमळाच्या पानाखाली, कोणता पाणी चढले की बांधीत येतो, तेही लिहून घेतो. गेल्या बुधवारपर्यंत तेवीस नावे झाली. म्हातारबा म्हणतात, अजून थोडी आहेत, पण ती पावसाळ्यात, पाण्याचा रंग पालटला की आठवतील.